सपाट पडद्यातला झोल

"ह्याच्यात झोल आहे," पंडित म्हणाला, आणि शेजारी उभी असलेली अमृता, समोरचा सेल्समन तुषारभाई आणि मागे मिक्सर बघायला आलेलं एक जोडपं, सगळ्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं आणि मग पंडितकडे. टीव्हीवर कंपनीची कॅसेट चालू होती. काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषांची चौकडी, वरपासून खालपर्यंत, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, बाकी काही नाही. नवा पडदा किती सपाट आहे ते गिऱ्हाइकाला पटावं म्हणून कंपनीने ती मुद्दाम करून पाठवलेली. तुषारभाईने ती मोठ्या दिमाखात लावली होती आणि "काका, हवे जुओ," म्हणजे आता बघा, असं गुजरातीत म्हणून हात बांधून बाजूला उभा राहिला होता. पंडितने बघितलं, तर चौकडीच्या मधोमध आडव्या रेषा खाली ओघळलेल्या. फार नाही. वाळत घातलेल्या कपड्यांनी दोरी मध्ये जेवढी खाली येते तेवढ्याच. "कुठे झोल?" अमृताने विचारलं. "हा काय, मधे." "पप्पा, सरळ तर आहे." ती हे इतक्या सहज म्हणाली, की धक्का बसला तो त्या सहजपणाचाच. वाद घालणाऱ्याचा आवाज पंडितला पाठ होता. उभ्या आयुष्यात त्याने दुसरं ऐकलं काय होतं? पण अमृता वाद घालत नव्हती. बाहेर ऊन आहे, असं सांगावं तसं तिने सांगितलं होतं.

पंडितच्या शब्दावर असं कोणी बोलत नसे. उधन्यात रमणीकशेठच्या कारखान्यात तो कापड तपासायचा. मागावरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा अख्खा लांब तुकडा, टेबलावरून त्याच्यासमोर सरकत जायचा आणि तो फक्त बघायचा. धागा तुटलेला, डाग पडलेला, वीण विरळ झालेली, सगळं त्याला दिसायचं. पण त्याचा खरा हातखंडा होता झोल पकडण्यात. आडवा धागा सरळ न जाता मध्ये खाली उतरला की त्याला तो झोल म्हणायचा. मुंबईकडची पोरं ह्याच शब्दाने कसलाही घोटाळा दाखवतात हे अमृताने त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, मग बरोबरच आहे की. झोल असलेला ताका त्याने खडूने फुली मारून बाजूला काढला की तो 'सेकंड', म्हणजे हलक्या प्रतीचा माल. मग विणणारा कारागीर कितीही गयावया करो, मिस्त्री कितीही शपथा घेवो, रमणीकशेठ स्वतः कापडाकडे ढुंकूनही न बघता म्हणायचे, "पंडितनी आंख एटले आंख." पंडितचा डोळा म्हणजे डोळा. काल संध्याकाळीही ते हेच म्हणाले होते. गेला महिना-दीड महिना धुडकू नावाच्या कारागिराचे ताके एकामागून एक सेकंडमध्ये जात होते. मिस्त्रीने त्याचे माग दोनदा खोलून लावले, काही निघालं नाही. तेव्हा शेठनी पंडितला केबिनमध्ये बोलावून विचारलं, सोमवारपासून धुडकूचे माग दुसऱ्या कोणाला देऊ का? पंडित म्हणाला, शेठ, मालात झोल आहे हे खरं. पुढचं तुमचं तुम्ही बघा. एवढंच म्हणाला. आणि घरी येऊन खिचडी खाऊन झोपला. चांगली झोप लागली होती, हे आता उगाच आठवलं.

खरं म्हणजे आजचा दिवस अमृताचा होता. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली होती आणि आपल्या कमाईने घरात पहिली वस्तू यायची तर ती फ्लॅट स्क्रीनच, असा तिचा हट्ट. गेले पंधरा-वीस दिवस ती वेगवेगळ्या कंपन्यांची माहितीपत्रकं गोळा करून आणत होती आणि जेवताना आईला वाचून दाखवत होती, आणि छाया, म्हणजे पंडितची बायको, भाकरी थापता थापता म्हणत होती, "बाई, त्यामा चित्र दिखस का नही तेवढं सांग." पंडितला मात्र त्या माहितीपत्रकांत गोडी लागली होती. सुरुवात भांडणाने झाली. एकवीस इंच म्हणजे एकवीस इंच कुठून कुठे? अमृता म्हणाली, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं. पंडितचा जीव वरखाली झाला. कापडाला पन्हा असतो, पन्हा म्हणजे रुंदी, आणि ती सरळ मोजतात. तिरकं मोजायचं हे कुठलं शास्त्र? ह्या लोकांना कापड विकायला बसवलं तर हातरुमाल चादर म्हणून खपवतील! मग आवाजाचे वॅट. पत्रकात इतके वॅट लिहिले होते की तेवढ्यात त्यांची अख्खी नवागाम वस्ती बहिरी व्हावी. अमृताने सांगितलं, ते खरे वॅट नाहीत, एका क्षणापुरता फुटेल तितका आवाज मोजतात. "म्हणजे थापच," पंडित म्हणाला आणि त्याला बरं वाटलं, कारण थाप पकडली की त्याला नेहमीच बरं वाटायचं. पण रेषांचं जेव्हा निघालं तेव्हा तो गप्प झाला. अमृताने वहीच्या पानावर काढून दाखवलं: मागून एक किरण येतो, पडद्यावर डावीकडून उजवीकडे आडवी रेघ मारतो, परत जातो, खालची रेघ मारतो, अशा सहाशेवर रेघा, आणि एका सेकंदात पंचवीस वेळा सगळं पुन्हा. आणि एका दमात नाही. आधी एक सोडून एक, मग राहिलेल्या मधल्या. पंडितने भाकरी तशीच हातात धरली. अरे, हा तर धोटा! इकडून तिकडे, तिकडून इकडे, आडवा धागा टाकत जाणारा. म्हणजे बातम्या देणारी ती बाई, ते क्रिकेट, ते सगळं कोणीतरी समोर बसून विणतंय, आणि विणून होतं न होतं तोच उसवतंय. आणि पत्रकात 'कोंब फिल्टर' म्हणून जे काही होतं त्याचा अर्थ अमृताने डिक्शनरीत बघून फणी असा सांगितला, तेव्हा तर त्याने मांडीवर थाप मारली. मागाला फणी असतेच. तिच्यातून उभे धागे ओवलेले असतात, एकमेकांत गुंतत नाहीत ते तिच्यामुळे. "मग टीव्हीत ती काय करते?" "रंग आणि रेषा वेगळ्या ठेवते, गुंतू देत नाही." "तेच तर मी म्हणतोय!" पंडित म्हणाला. त्या रात्री त्याला आपली पोर इतकी आवडली की त्याने तिच्या पानात आपल्या वाटचं लोणचं वाढलं. दुकानात येताना रिक्षात तो तिला दोन-तीनदा म्हणाला होता, तू किंमत ठरव, माल मी बघतो.

आणि माल बघितला तर हे असं. तुषारभाई तरबेज होता, त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "काका, शरुआतमां बधाने एवुं ज लागे," सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं असं तो म्हणाला, आणि पंडित मराठी आहे हे लक्षात येऊन हिंदीवर आला. लोकांनी आजवर फुगीर काचेचे टीव्ही बघितलेत. डोळ्याला त्या फुगाऱ्याची सवय झालीय. आता एकदम सपाट समोर आलं की डोळ्याला ते आत गेल्यासारखं, खोलगट दिसतं. आठ दिवसांनी बरोबर दिसायला लागेल, आणि मग काका, जुना टीव्ही बघवणार नाही. मागच्या जोडप्यातला नवरा म्हणाला, हो, मला पण थोडं खोलगट वाटतंय बरं का. पंडितला त्या अनोळखी माणसाला मिठी मारावीशी वाटली. असं आहे होय! सवय. नव्या बायकोला स्वयंपाकघर नवं, तसं डोळ्याला पडदा नवा. त्याला नवागामात पहिल्यांदा आलेला टीव्ही आठवला. रेल्वेतल्या कोणाचा तरी होता, आणि अर्धी चाळ दारात उभी राहून बघायची. पडदा इतका फुगीर की कडेला उभ्या माणसाला हिरोचं नाक कानापर्यंत गेलेलं दिसायचं, पण कोणाला काही वाटलं नाही. पंडित तेव्हा खान्देशातून नवीन आलेला, अमळनेरकडचा, मागाच्या खडखडाटाने कान बधिर झालेले, आणि त्या फुगीर काचेत नाचणारी माणसं त्याला फुगीर दिसलीच नाहीत. ती त्याला सरळच दिसली. म्हणजे इतकी वर्षं वाकडं ते सरळ दिसत होतं, आणि आज सरळ आहे ते वाकडं दिसतंय. हिशोब जुळत होता. तरीही काहीतरी खटकत होतं. तुषारभाई म्हणाला 'खोलगट'. ताट खोलगट असतं, पण ताटाची कड वाकडी नसते. आणि पंडितला खोलगट दिसतच नव्हतं. पडदा चांगला सपाट दिसत होता. त्या सपाट पडद्यावर रेषा खाली आल्या होत्या.

"दुसरा पीस लावा," तो म्हणाला. अमृताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. लाज वाटली की ती लहानपणापासून असंच करायची. तुषारभाईने गोडाऊनमधून नवा खोका मागवला, दोघांनी मिळून तो उचलून ठेवला, थर्माकोल काढलं, वायर जोडली, तीच कॅसेट लावली. तीच चौकडी. आणि मधोमध तोच झोल. आता दुकानात पंडितची गंमत बघायला चार माणसं जमली होती. "कंपनी बदला," तो म्हणाला. शेजारी दुसऱ्या कंपनीचा टीव्ही होता, काळसर काचेचा; त्याच्यावर चौकडी आली. झोल आला. "अख्ख्या मार्केटमध्ये सेकंडचा माल भरलाय की काय!" पंडित मोठ्याने म्हणाला आणि हसला, पण हसला तो एकटाच. मग त्याने ते केलं, जे तो टेबलावर शंका आली की करायचा. खाली वाकला, डावा डोळा मिटला आणि एकाच रेषेला एका टोकाला धरून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने चालत गेला. सुतार फळीची धार बघतो तसं. रेषा मध्ये आली आणि खचली. तो आणखी पुढे गेला. आता खचली ती पुढे. मागे आला. खचलेली जागा मागे आली. नजर जाईल तिकडे ती येत होती. झोल पडद्याबरोबर नव्हता, त्याच्याबरोबर होता. पंडितने उजवा डोळा मिटला आणि डावा उघडला. डावा त्याचा कामाचा डोळा नव्हता, लहानपणापासून तो त्याला जरा आळशीच समजायचा. डाव्या डोळ्याने चौकडी बघितली. सगळ्या रेषा सरळ होत्या.

तो तसाच वाकून उभा राहिला, कारण उभं राहिल्यावर करायचं काय ते सुचत नव्हतं. पुन्हा उजवा. झोल. पुन्हा डावा. सरळ. कोणालाही वाटावं, माणूस टीव्हीला डोळे मारतोय. आणि त्याच्या मनात एकेक गोष्ट येऊन उभी राहायला लागली, बोलावणं नसताना येणाऱ्या पाहुण्यांसारखी. दिवाळीच्या सुमाराला, घराच्या दाराची चौकट वाकडी बसवली म्हणून, त्याने सुताराला चार लोकांत फाडून खाल्लं होतं. सुतार बिचारा ओळंबा लावून लावून थकला, शेवटी म्हणाला, काका, तुम्ही म्हणता तर वाकडी. पेपरात हल्ली मधलंच एखादं अक्षर पुसट छापायला लागले होते. पंडितने पेपरवाल्याला सांगितलं होतं, तुमची शाई संपत आली वाटतं. छायाने भाळाला लावलेलं कुंकू एकदा त्याला चपटं दिसलं आणि तो तिला म्हणाला होता, नीट लावत जा. ती आरशासमोर जाऊन आली आणि तशीच कामाला लागली. दर वेळी चूक समोरच्या मालाची. दुसरं काही असू शकतं हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. कशी असेल? माणूस आयुष्यभर माल तपासतो, तपासणारा डोळा कोण तपासतो? कापड वाकडं असतं, चौकट वाकडी असते, शाई संपते, बायको घाईत असते. आणि मग शेवटी, सगळ्यात मागे, धुडकू येऊन उभा राहिला.

बाकी सगळ्यांच्या मागांवर साधा पांढरा माल चालायचा. साध्या मालात रेषा दिसतच नाहीत, नुसतं पांढरं. दिवाळीनंतर शाळेच्या गणवेशाची ऑर्डर आली, आणि ती चौकडी एकट्या धुडकूच्या मागांवर लागली. निळी-पांढरी चौकडी. कारखान्यात सरळ रेषा असलेलं कापड एकच होतं, आणि ते धुडकू विणत होता. हे पंडितला आत्ता ह्या घटकेला कळलं, की कुठेतरी आधीच कळलं होतं आणि त्याने ते टेबलाखाली सरकवून ठेवलं होतं? मिस्त्री दुसऱ्यांदा माग खोलून बसला होता तेव्हा घाम पुसत म्हणाला होता, पंडितभाई, एकदा फूटपट्टी लावून बघायची का? पंडितला राग आला होता. फूटपट्टी! ज्याला डोळा नाही त्याने फूटपट्टी लावावी. आणि तो राग जरा जास्तच होता, हे तेव्हाही जाणवलं होतं.

"पप्पा, काय ठरलं?" अमृता हळूच म्हणाली. "नको असेल तर राहू दे. पुढच्या वर्षी बघू." तिच्या आवाजात पाणी होतं. पंडित उभा राहिला, कमरेत कळ आली. समोर चौकडी तशीच होती, मध्ये खचलेली. तो म्हणाला, "हाच घे. चांगला आहे. सरळ आहे." अमृताने त्याच्याकडे पाहिलं. "मग मघाशी?" "अगं सवय गं, हा भाऊ म्हणाला तसं. डोळ्याला सवय नव्हती." तुषारभाईने ताबडतोब पावतीपुस्तक काढलं. अमृता इतकी खूश झाली की तिने तिथेच विचारलं, घरी ठेवायचा कुठे, खिडकीसमोर ठेवला तर काचेत उजेड दिसेल का? तुषारभाई तिला समजावून सांगायला लागला, ही काच सपाट म्हणून उजेड कमी परततो, आणि ती मान डोलवत बारकाईने विचारत राहिली, लाइनी किती, रिमोटची गॅरंटी वेगळी का, ट्यूबची किती. पंडितने ऐकलं आणि त्याला वाटलं, पोरीला माल बघता येतो. मला बरोबर आणायची गरजच नव्हती. "तू टेम्पोबरोबर घरी जा," तो म्हणाला. "मला जरा धुडकूकडे जायचंय." "आज? रविवारी?" "आजच जायचंय."

रिक्षात बसल्यावर त्याने दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि काहीच वाकडं दिसलं नाही. सगळं नेहमीसारखं होतं. रिंगरोड, पुलाखालची गर्दी, उधन्याची चिमणी. एका सरळ रेषेवर नजर रोखायची नसली तर दोन डोळ्यांनी माणूस छान निभावून नेतो, एक दुसऱ्याची बाजू सांभाळतो. टेबलावर मात्र तो सवयीने डावा मिटून घ्यायचा आणि नेमका बिघडलेला उघडा ठेवायचा. म्हणजे आता उलटं केलं तर? उद्यापासून उजवा मिटायचा, डावा उघडा. कोणाला काय कळणार? धुडकूचा माल आपोआप फर्स्ट व्हायला लागेल. शेठना सांगायचं, माग सुधारले, राहू द्या त्याला. सगळं जागच्या जागी. ही युक्ती त्याला इतकी सोपी आणि चांगली वाटली की तो क्षणभर सैल होऊन मागे टेकला. मग वाटलं, डावा तरी सरळ बघतो कशावरून? उजव्याच्या मानाने सरळ, इतकंच. आणि आळशी डोळा, त्याला बारीक कुठे दिसतंय. पंडित नावाचा माणूस काढून घेतला तर उरतं काय? एक डोळा. त्या डोळ्यावर चाळीतलं घर झालं, अमृताचं कॉलेज झालं. गावात लग्नाला गेला तर लोक लुगडं हातात देऊन विचारायचे, आप्पा, बघा बरं, फसलो का? डोळा गेला की रमणीकशेठ काय करणार ह्या माणसाचं? गोणी उचलायला वय नाही, माग चालवायला कान आणि पाय राहिले नाहीत. त्याला भीती वाटली. नुसती, उघडी भीती, लहानपणी विहिरीच्या काठावर वाटायची तशी. आणि त्या भीतीतही त्याला धुडकूचा चेहरा दिसत राहिला, शनिवारी फुली मारताना समोर उभा असलेला, एक शब्द न बोलणारा. आधी हाच धुडकू भांडायचा. हमरीतुमरीवर यायचा. गेल्या आठवड्यात तो भांडायचा थांबला होता, आणि पंडितला वाटलं होतं, चला, पटलं एकदाचं.

धुडकूची खोली नवागामाच्या आतल्या गल्लीत. तो दारातच बसला होता, गुडघ्यावर कोपर टेकून. आत त्याची बायको भागीरथी भांडी गोणपाटात बांधत होती. पंडितला बघून धुडकू ताडकन उभा राहिला. "या आप्पा. बठा." राग नाही, कुरकुर नाही. पंडित बसला नाही. "भांडी का बांधतेय रे ही?" "गाव जातंस आम्ही," धुडकू म्हणाला. "शेठकडे सकायीच जाई ऊनू. मीच सांगी टाकं, उद्याथीन माले नका ठेवा." पंडितला कळेना. शेठ काढणार होते. ह्याने स्वतःच जाऊन सांगितलं? कशाला? धुडकूने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, दुकानदाराला खराब माल परत करावा तसे. "मना हातमाच झोल ऊना, आप्पा. हात गया मना." माझा हातच गेला, असं तो म्हणत होता. आतून भागीरथी म्हणाली, चार दिवस झाले जेवत नाहीत, रात्री उठून हात बघत बसतात.

"झोल नाही तुझ्या मालात," पंडित म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "धुडकू, ऐक. तुझा माल चांगला आहे. माझा डोळा बिघडलाय." धुडकू त्याच्याकडे बघत राहिला आणि मग कसनुसं हसला, मोठ्या माणसाने समजूत घालायला काहीतरी सांगावं आणि आपण ते मान ठेवून ऐकावं, तसं. तो आत गेला आणि एक तुकडा घेऊन आला. निळी-पांढरी चौकडी, पंडितनेच कापून सेकंड म्हणून बाजूला टाकलेला नमुना. त्याने तो दाराच्या उजेडात दोन्ही हातांनी ताणून धरला. "पह्यले मालेबी दिखे नही. तुम्हीन सांगं, तव्हय दिखाले लागना. हाऊ देखा, आठे." आधी मलाही दिसत नव्हता, तुम्ही सांगितलंत तेव्हा दिसायला लागला. त्याने अंगठा मधोमध एका रेषेवर ठेवला. पंडितने उजवा डोळा हाताने गच्च झाकला आणि डाव्याने बघितलं. वाकून, अगदी जवळ जाऊन बघितलं. धुडकूच्या अंगठ्याखालून रेषा गेली होती ती एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ गेली होती. "कुठे आहे?" पंडितने विचारलं. "हाऊ काय," धुडकू म्हणाला, आणि त्याचा अंगठा त्या सरळ रेषेवरून हळूहळू खाली उतरून पुन्हा वर चढला.

पंडितला रडू आलं. त्याने ते आवरलं नाही, आणि धुडकू घाबरला, आप्पा, आप्पा, काय व्हयनं, म्हणायला लागला. पंडितने त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला, दाराच्या फळीवर पसरला, भागीरथीला हाक मारली आणि तिच्याकडून दोरा मागून घेतला. तिने एक टोक धरलं, पंडितने दुसरं, आणि दोरा ताणून रेषेवर ठेवला. दोरा आणि रेषा एक झाले. धुडकू बघत राहिला. त्याने खाली वाकून बघितलं, बाजूने बघितलं. दोऱ्याला बोट लावून तो तंग आहे ना ते पाहिलं. मग बायकोकडे बघितलं, जणू ती सांगेल तर खरं. "सरळ शे," भागीरथी म्हणाली. "मी तं कधीनी सांगी राहिनू." पंडित म्हणाला, "चल माझ्याबरोबर."

गल्लीच्या तोंडाशी टेलिफोनचा बूथ होता. काचेच्या त्या खोक्यात एकच माणूस मावायचा, पण पंडितने धुडकूला आत ओढून घेतलं आणि दार लावलं. रमणीकशेठ जेवून आडवे झाले असावेत, आवाज जड होता. पंडित गुजरातीत बोलला, इतक्या वर्षांत शेठशी तो दुसऱ्या भाषेत बोललाच नव्हता. धुडकूचा सगळा माल फर्स्ट आहे. मी फुल्या मारल्या त्या चुकीच्या. त्याला घालवू नका, आणि तो स्वतः जातो म्हणाला तरी जाऊ देऊ नका. "पण तमे ज तो कह्युं हतुं," शेठ म्हणाले. हो, मीच म्हणालो होतो. माझा उजवा डोळा बिघडलाय, शेठ. सरळ रेष मला वाकडी दिसते. हे बोलून झाल्यावर त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. शेठनी खाकरून घसा साफ केला. "सारुं. धुडकूने कहेजो, काले आवे." पंडितने कानाचा रिसीव्हर न काढता मान हलवून धुडकूला खूण केली, ये उद्या. धुडकूने काचेला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. पंडितला वाटलं, झालं, आता शेठ फोन ठेवतील. पण ते अजून होते. श्वास ऐकू येत होता. व्यापारी माणूस, डोक्यात काहीतरी मागे मागे जात होतं, ह्या ऑर्डरच्या मागे, त्याच्या मागच्या ऑर्डरच्या मागे, कोणाकोणाचा माल, कोणकोण निघून गेलं. मग त्यांनी अगदी हळू, जवळजवळ मायेने विचारलं, "पंडित, आ क्यारथी छे?"

हे कधीपासून आहे. पंडितने तोंड उघडलं. दिवाळीपासून, असं तो म्हणणार होता. पण धुडकूच्या आधी ह्याच मागांवर, मागच्या ऑर्डरची चौकडी विणणारा दुसरा एक कारागीर होता, लक्ष्मण नावाचा. त्याच्याही ताक्यांवर पंडितने फुल्या मारल्या होत्या. तोही शेवटी शेवटी भांडायचा थांबला होता आणि एक दिवस न सांगता गेला होता.

"ठाऊक नाही, शेठ," पंडित म्हणाला, आणि आपण मराठीत बोललो हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. "मला खरंच ठाऊक नाही."